जोड कुणी लावायची?

हौशी : काका, पिकलबॉलच्या दर स्पर्धेच्या आधी गटांवरून जी कुजबुज चालते ना, तिचा मला आता कंटाळा आलाय. 'तो इंटरमिजिएटमध्ये कसा?', 'ती अजून स्वतःला बिगिनर म्हणवते?' पूर्वी ठीक होतं. फॉर्मवर तीन चौकोन असायचे आणि माणूस मनाला विचारून एकावर खूण करायचा. मन काय सांगणार? भित्रं असेल तर बिगिनर, मेडल हवं असेल तरी बिगिनर, आणि ऑफिसातले बघायला येणार असतील तर ॲडव्हान्स्ड. आता रेटिंग आहे, डूपर नावाचं. २०२१ मध्ये आलं. दोनपासून आठपर्यंत एकच पट्टी, तीत वय नाही, बाई-पुरुष नाही, देश नाही. कुणाशी खेळलात, जिंकलात की हरलात, किती फरकानं, याचा हिशेब. सिंगल्सचा आकडा वेगळा, डबल्सचा वेगळा. गट साडेतीनपर्यंतचा असेल आणि माझा आकडा ३.४ असेल तर मी तिथली. यात कुजबुजायला जागा कुठं राहिली?

शंकेखोर : दशांश चिन्हाच्या पुढं राहिली. तुझं ते डूपर तीन स्थळांपर्यंत आकडा देतं. ३.४९६ वाला साडेतीनच्या गटात राजा, ३.५०४ वाला चारच्या गटात मार खाणार, आणि दोघांच्या खेळात फरक काय, तर एकाचा नेहमीचा पार्टनर परवा आला नव्हता. पण ते सोड. रेषा कुठंही आखली तरी तिच्या अल्याड-पल्याड कुणीतरी असणारच. माझी अडचण वेगळी आहे. पट्टी एकच राहायची तर तिच्यावर मोजलेली माणसं एकमेकांशी खेळलेली हवीत. आपल्याकडं एखाद्या सोसायटीत बारा जणांचा कंपू असतो. रोज तेच बारा, तेच कोर्ट, आणि खेळून झालं की सामने मोबाइलवर चढवायचे. सगळ्यांना हरवणाऱ्याचा आकडा चढतो, हरणाऱ्याचा उतरतो. एकमेकांच्या तुलनेत ते आकडे अगदी बरोबर असतील. पण तो अख्खा कंपू बाहेरच्या जगाच्या वर आहे की खाली, हे आकड्यांना कळणार कसं? त्यातलं कुणीतरी बाहेर जाऊन खेळल्याशिवाय नाही कळत. बाणेरचा ३.८ आणि दादरचा ३.८ सारखेच असं समजून तू फॉर्म भरतेस, आणि पहिल्याच मॅचला ११-२ झालं की रेटिंगच्या नावानं बोटं मोडतेस.

हौशी : बोटं मोडत नाही, हरलेली मॅच चढवते. त्या ११-२ मुळंच तर बाणेर आणि दादर एकमेकांना जोडले जातात. शिवाय सगळ्या सामन्यांना सारखं वजन नसतं. आपण आपापसांत खेळून चढवलेला सामना हलका, स्पर्धेनं नोंदवलेला जड. तुमचा आकडा किती भरवशाचा आहे हेही टक्क्यांत दिसतं. आणि समजा तुमचं सगळं मान्य केलं, तर आकड्याऐवजी काय? शब्द? अमेरिकेतल्या संघटनेनं प्रत्येक पातळीची वर्णनं करून ठेवली आहेत. थोडक्यात सांगायचं तर ३.० वाल्याला मध्यम वेगाचा फटका जमतो पण भरवसा नाही, ३.५ वाला हलक्या हाताचा खेळ शिकतोय, ४.० वाल्याला तो कधी वापरायचा हे कळतं. वाचताना सगळं पटतं. फक्त वाचणारा प्रत्येक जण स्वतःला अर्धी पायरी वर बघतो, आणि मेडल दिसलं की अर्धी पायरी खाली.

शंकेखोर : ती वर्णनं वाचून उपयोग नाही, खेळ बघायला लागतो. मला कुणाचेही चार तिसरे फटके दाखव, मी गट सांगतो. सर्व्हिस झाली, समोरच्यानं खोल परतवली आणि तो पुढं किचनच्या, म्हणजे जाळीलगतच्या व्हॉलीबंद पट्ट्याच्या, रेषेवर येऊन उभा राहिला. आता चेंडू तुझ्याकडं, तू बेसलाइनवर, आणि दोन टप्प्यांच्या नियमामुळं तुला तो पडू द्यावाच लागतो. नवखा तिथून जीव खाऊन मारतो. चेंडू समोरच्याच्या पॅडलवर आदळतो आणि तितक्याच जोरात याच्या पायाशी परत येतो. त्याच्या वरच्या पायरीवरचा ड्रॉप करायला बघतो, चेंडू जाळीवरून उतरून किचनच्या सात फुटांत पडावा म्हणून. चारांतले दोन जाळीत, एक उंच, एक पडतो. आणि पडला की स्वतःच इतका खूश होतो की जागेवरच उभा राहतो! खरा वरचा खेळाडू ड्रॉप सोडल्याबरोबर पुढं चालायला लागलेला असतो, आणि तो उंच राहतोय असं दिसलं की मध्येच थांबतो, गुडघे वाकवतो, पॅडल खाली आणतो. त्या थांबण्यात त्याचा गट आहे. तुझ्या डूपरला ते थांबणं दिसत नाही.

हौशी : दिसायची गरजही नाही. त्या थांबण्याचे गुण पडतात, आणि गुण त्याला दिसतात. तुमचा डोळा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्हाला किती स्पर्धांना बसवणार? आणि डोळ्याला ओळखदेख असते. आपल्या क्लबातल्या माणसाचे जाळीत गेलेले ड्रॉप 'आज वारा होता' या खात्यात जातात.

शंकेखोर : ओळखदेख असते म्हणूनच तर डोळ्याला काही कळतं. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड बघितलास कधी? पैलवान लांग कसून मैदानाला फेरी मारतात आणि पंच जोडी लावतात. हा कुठला, वस्ताद कोण, गेल्या जत्रेत कुणाशी लागली होती, मार खाऊन गेला की चितपट करून गेला, हे सगळं त्या पंचांच्या डोक्यात असतं. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नोटांच्या, असं चढत चढत शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत. गट आधी छापलेले नसतात, समोर आलेल्या माणसांतून जोड निघते. आणि जोड चुकली तर नुसता पंच शरमिंदा होत नाही, अख्खा फड ओरडतो. काटाजोड लागली तर तेच लोक अर्धा तास हलत नाहीत. तिथं पैलवानानं स्वतःचा गट निवडायचा प्रश्नच नाही. तो हात वर करून उभा राहतो, ठरवतात दुसरे.

हौशी : आणि पंचांचा भाचा उतरला असेल तर? काका, तो फड चालतो कारण पंचांना पंचक्रोशी ठाऊक असते. इथं पुण्यातल्या स्पर्धेला एक जोडी नाशिकहून येते, एक वाशीहून, एक कालच बंगळूरहून बदली होऊन आलेली. यातलं कुणाला कोण ओळखतं? मुंबईच्या क्रिकेटमध्ये कांगा लीग आहे ना, १९४८ पासून चालू आहे, ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. तिथं 'तुम्हाला कुठल्या डिव्हिजनमध्ये खेळायला आवडेल?' असं कुणी संघाला विचारत नाही. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. कारण लीगला आठवण आहे, गेल्या साली तुम्ही काय केलंत ते तिच्या वहीत आहे. आपल्या स्पर्धा मात्र दर वेळी नव्या आयोजकाच्या, नव्या हॉलमध्ये, कोऱ्या पाटीवर. गेल्या महिन्यात ठाण्याला बिगिनरचं सुवर्ण घेतलेला माणूस या महिन्यात चिंचवडला पुन्हा बिगिनर होऊन येतो, आणि चिंचवडच्या आयोजकाला त्याचा पत्ताच नसतो. रेटिंग ही या खेळाची एकमेव वही आहे. तुमच्या पंचांच्या डोक्यात जे असतं तेच, फक्त भाच्यांशिवाय.

शंकेखोर : हे मात्र मला पटलं. आठवण हवी. पण आठवण आकड्यात घातली की लोक आकड्याशी खेळायला लागतात, माणसाशी नाही. कुस्तीचंच घे. जत्रा सोडून मॅटवर आलो की डोळ्यांची जागा वजनकाटा घेतो. काट्याइतकं निःपक्षपाती काय असणार? आणि तरी प्रत्येक पैलवान काय करतो? चार-पाच किलो उतरवून खालच्या वजनात घुसतो, म्हणजे तिथल्यांत आपण दांडगे ठरू. समोरचाही तेच करतो, म्हणून आपल्याला करावंच लागतं. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या दिवशी १०० ग्रॅम जास्त भरली आणि गेलं सगळं. अख्खा देश हळहळला. तिला आपण लबाड म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग मला सांग, मुद्दाम चार मॅच सैल खेळून आकडा साडेतीनच्या खाली आणणाऱ्याला आपण सँडबॅगर म्हणून तोंड का फिरवतो? दोघंही गटाच्या रेषेकडं बघून स्वतःला कापतायत.

हौशी : कापणं कुणाच्या जिवावर होतं, फरक तिथं आहे. वजन उतरवणारी रात्रभर धावते, पाणी सोडते, तिची किंमत तिच्या अंगातून जाते. आणि काट्यावर उभी राहते तेव्हा काटा खोटं दाखवत नसतो, ती त्या क्षणी खरंच पन्नास किलोची असते. आकडा पाडणारा कोर्टावर उतरतो तेव्हा साडेतीनचा नसतोच. त्याच्या लबाडीची किंमत जाळीपलीकडची जोडी भरते. एखादी मुलगी नोकरी सांभाळून रोज सकाळी सहाला सराव करते, पहिल्यांदा धीर करून एन्ट्री फी भरते, सासूबाईंना बघायला घेऊन येते, आणि असल्या माणसासमोर पंधरा मिनिटांत ११-१. ती पुन्हा फॉर्म भरेल असं वाटतं तुम्हाला? माझं म्हणणं, 'योग्य गट' हा माझ्यापुरता प्रश्नच नाही. माझ्या समोर कोण उभं राहणार आहे आणि त्याला माझ्याशी खेळून काही मिळणार आहे का, हा तो प्रश्न आहे.

शंकेखोर : चांगलं बोललीस. पण तुझ्या या हिशेबात लबाड आणि सरळ असे दोनच जण आहेत. मी मधला दाखवतो. एका स्पर्धेत टेबलावर बसलो होतो. टेबल टेनिसमध्ये राज्य पातळीवर खेळलेला एक मुलगा बिगिनरमध्ये आला. खोटं काही नाही. पिकलबॉलचं पॅडल हातात धरून त्याला महिनाही झाला नव्हता, आणि नियमपत्रकात बिगिनर म्हणजे सहा महिन्यांपेक्षा कमी खेळलेला असं स्पष्ट लिहिलेलं. पहिल्या मॅचला तो किचनमध्ये पाय टाकून व्हॉली मारत होता, दर दोन रॅलींमागं फॉल्ट. सर्व्हिसला पॅडल कमरेच्या वर. हरता हरता वाचला. दुसऱ्या मॅचला पाय रेषेमागं राहायला लागले. तिसऱ्या मॅचला त्याला उमगलं की इथं मनगट चालतं, पण चेंडू उडत नाही, थांबावं लागतं. उपांत्य फेरीत समोरच्यांना त्याच्या हाताचा फटका दिसतच नव्हता. सकाळी नऊला तो त्या गटात शोभत होता, दुपारी दोनला त्याच गटात त्याला उभं करणं अन्याय होता. मधल्या पाच तासांत त्यानं काय गुन्हा केला? आणि मी टेबलावर बसून कुठल्या मिनिटाला उठायला हवं होतं?

हौशी : त्याला दोष नाही, तुमच्या नियमपत्रकाला आहे. बिगिनर महिन्यांत का मोजता? हात मोजा. बॅडमिंटन, टेनिस, टीटी, स्क्वॉश, यांतलं काहीही जिल्ह्याबाहेर खेळलेला माणूस बिगिनर नाही, संपलं. दुसरी सोय अमेरिकेतल्या टेनिस लीगमध्ये आहे. तिथं नवा खेळाडू स्वतःची पातळी स्वतःच ठरवून येतो, पण संगणक त्याच्यावर नजर ठेवतो. ठरवलेल्या पातळीच्या फार वरचा खेळ तीनदा दिसला की त्या पातळीतून बाद. तिथल्या बुद्धिबळात आणखी वेगळं. एकदा वर गेलेलं रेटिंग कितीही हरलात तरी ठरावीक मर्यादेच्या खाली पडूच शकत नाही, आणि खालच्या गटात मोठं बक्षीस मारलंत तर ती जमीन आणखी वर सरकते. म्हणजे मुद्दाम हरून उतरायचा रस्ताच बंद. पिकलबॉलवाल्यांनी हे उचलायला काय हरकत आहे?

शंकेखोर : लीग महिनोन्महिने चालते, बुद्धिबळाची वही जन्मभर. आपली स्पर्धा संध्याकाळी सहाला संपते, हॉलचं भाडं तासावर असतं. तीनदा दिसेपर्यंत ट्रॉफी वाटून झालेली असते. आणि 'जिंकला की वर ढकला' या नियमावरही माझा विश्वास नाही, कारण आपल्याकडची एक मॅच काहीच सिद्ध करत नाही. साखळीत आपण एकच गेम खेळवतो, वेळ नसतो म्हणून. साधा हिशेब कर. एखादी जोडी शंभरातल्या पंचावन्न रॅली जिंकण्याइतकी वरचढ आहे, म्हणजे बघणाऱ्याला स्पष्ट कळेल इतकी. रॅली स्कोअरिंगनं १५ गुणांचा एकच गेम लावला तर ती जोडी दहांत जवळजवळ तीन वेळा हरते. दोन-चार सामने जिंकून मेडल घेतलेल्या माणसात थोडं कौशल्य आणि बरंच नशीब असतं. त्याला पुढच्या स्पर्धेत सक्तीनं वर टाकलंस तर तो वर्षभर पहिल्याच फेरीत बाहेर पडेल आणि म्हणेल, त्या मेडलनं माझं वाटोळं केलं.

हौशी : म्हणूनच मी मेडलवर जात नाही, अर्ध्यावर जाते. ज्या गटात दीर्घकाळ खेळून निम्म्या मॅच जिंकाल आणि निम्म्या हराल, तो तुमचा गट. ऐंशी टक्के जिंकताय? वर चढा. वीस टक्के? उतरा, लाज कसली.

शंकेखोर : सगळे निम्मे जिंकणारे असतील तर सुवर्ण कुणाला?

हौशी : त्या दिवशी ज्याचं चाललं त्याला. कुणालातरी मिळेलच की. पण तेच माणूस दर वेळी घेत असेल तर समजायचं, तो गट त्याचा राहिला नाही.

शंकेखोर : हे निम्म्याचं गणित एकट्याचं झालं. आपल्याकडं खेळतात डबल्स. तू ३.४, तुझा मिक्स्डचा पार्टनर ३.९. तुमचा गट कुठला? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्याचा आकडा जास्त त्याचा गट लागतो. काही जण सरासरी काढतात. पहिल्या नियमानं तुम्ही दोघं चारच्या गटात, आणि समोरचे पहिल्या रॅलीपासून प्रत्येक चेंडू तुझ्यावर मारणार. दुसऱ्या नियमानं तुमची सरासरी ३.६५, आणि गट असला ३.७५ पर्यंतचा, तर तुझा पार्टनर अर्धं कोर्ट तुझ्यासमोरून कापून सगळे चेंडू स्वतः घेणार आणि तू साइडलाइनला शोभेची उभी. दोन्हीकडं तू खेळलीस असं म्हणवणार नाही. नवरा-बायको एकत्र उतरतात तेव्हा याचं पुढं घरी काय होतं ते मी सांगायला नको.

हौशी : सांगू नकाच. पण खरी अडचण तुम्ही बायकांच्या गटाची बोलला नाहीत. पुरुषांत ३.५, ४.०, ओपन असे तीन गट पडतात, बायकांच्या प्रवेशिका येतात नऊ जोड्यांच्या. मग आयोजक आदल्या रात्री मेसेज टाकतो, 'कमी एन्ट्रीमुळं महिला गट एकत्र करण्यात येत आहेत.' झालं! काळजीपूर्वक निवडलेला माझा गट कुठं गेला? मी आणि माझी पार्टनर अशाच एकदा ओपनवाल्यांसोबत साखळीत पडलो. त्यांच्याकडून ११-०. बाकीच्या तीन जोड्यांशी चुरशीच्या झाल्या, एक जिंकलो. आणि आमचा तो ११-० त्या चार जोड्यांच्या गुणफरकात मोठा आकडा होऊन बसला. आम्हाला कुणी किती गुणांनी हरवलं त्यावर पुढं कोण जाणार हे ठरलं. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकला बॅडमिंटनमध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा साखळीत दोन मॅच जिंकूनही गुणफरकावर बाहेर पडल्या, त्यांना विचारा गुणफरक काय असतो ते. तेव्हा 'अनुभव मिळेल' म्हणून झेपत नसताना वरच्या गटात नाव घालणारेही निरुपद्रवी नसतात, काका. लबाडाला तोंड फिरवतो, पण या हौशागवशांना आपण 'काय धाडस!' म्हणून टाळ्या वाजवतो.

शंकेखोर : मी नाही वाजवत. पण त्यांना हाकलणारही नाही, कारण हा खेळ मुळात त्यांच्यासाठीच निघाला. १९६५ च्या उन्हाळ्यात सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर प्रिचर्ड आणि बेल यांनी हाताला लागेल ते सामान घेऊन जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हे सुरू केलं, पुढं मॅकॅलम येऊन मिळाले, आणि हेतू एकच होता, घरातल्या मोठ्या-लहान सगळ्यांना एकत्र खेळता यावं. ते वीस बाय चव्वेचाळीसचं छोटं कोर्ट, ते किचन, तो दोन टप्प्यांचा नियम, या सगळ्याचा परिणाम काय, तर ताकदवान माणसाचा हात बांधला जातो आणि आजोबा नातवाशी खेळू शकतात. गट पुसण्यासाठी रचलेल्या खेळात आपण अर्ध्या-अर्ध्या पायरीचे गट पाडत बसलोय! सुनील वालावलकर यांनी मुंबईत हा खेळ आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तेव्हा गट पाडायला माणसं तरी कुठं होती? जो येईल तो खेळे. गटांचं हे दुखणं आपल्याला गर्दीनं दिलं, आणि गर्दीपेक्षाही रोख बक्षिसांनी. बिगिनरला रोख रक्कम ठेवायचं कारण काय? खालच्या गटांत एक रुपया ठेवू नका, नुसतं मेडल आणि पोहे द्या. निम्मे सँडबॅगर आपोआप वर सरकतील.

हौशी : आणि उरलेले निम्मे मेडलसाठीच येतात. इन्स्टाग्रामवर पाकीट टाकत नाहीत, मेडल टाकतात. शिवाय आयोजकाचा हिशेब बघा ना. ओपनला सोळा जोड्या, बिगिनर आणि इंटरमिजिएट मिळून सत्तर असं काहीतरी असतं. ओपनचं मोठं बक्षीस या सत्तर जोड्यांच्या फीमधून निघतं. 'तुम्ही फी भरा, बक्षीस मात्र वरच्यांना, तुम्हाला पोहे' असं सांगितलं तर ते येतील का? तुमची बिनपैशांची कुटुंबवत्सल दुपार दर रविवारी आपल्या कोर्टावर चालूच आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. स्पर्धा ही वेगळी गोष्ट आहे. मी तिथं जाते ते आजोबांशी खेळायला नाही. मला बघायचं असतं की माझ्यासारख्याच माणसाशी, काही पणाला लागलेलं असताना, माझा ड्रॉप जाळीत जातो की नाही. 'माझ्यासारखं माणूस' कुणीतरी मला शोधून द्यायलाच हवं. जत्रेतला पैलवान तरी दुसरं काय मागतो?

शंकेखोर : मग शोधून देणारा कोण, एवढंच राहिलं. तू स्वतः नाहीस, ते तूच सांगितलंस. आकडा एकटा नाही, ते मी सांगितलं. आयोजकाला अधिकार द्यायचा तर ड्रॉ पडायच्या आधी त्याला काही माहीत नसतं, आणि ड्रॉ पडल्यावर कुणाला हलवलं तर सगळं टेबल अंगावर येतं. मी बसलोय त्या टेबलावर.

हौशी : मग ड्रॉच दोनदा पाडा. सकाळी कुणालाच गट विचारायचा नाही. आकड्यांवरून ढोबळ साखळ्या करायच्या, वरचे-खालचे मिसळून, प्रत्येकाला तीन-चार मॅच मिळतील अशा. त्यात जे झालं त्यावरून दुपारच्या बाद फेऱ्या वेगळ्या, वरच्यांची एक, मधल्यांची एक, खालच्यांची एक, आणि तिन्हींना मेडल. तुमचा तो टीटीवाला मुलगा सकाळी कुठंही असो, दुपारी आपोआप योग्य ठिकाणी पोचतो. नाशिकची जोडी कोण हे कुणाला ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांनी सकाळी दाखवलंच. फॉर्मवर चौकोनच नाही, तर खोटी खूण कुठं करणार?

शंकेखोर : सकाळी हरून करणार. दुपारच्या मधल्या ड्रॉमध्ये मेडल सोपं आहे हे दिसलं की शेवटची साखळी मॅच सोडून देणारे निघतीलच. त्याच लंडन ऑलिंपिकला बॅडमिंटन महिला दुहेरीत चार जोड्या बाद केल्या होत्या ना? एक चीनची, दोन कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. पुढं सोपा ड्रॉ मिळावा म्हणून साखळीत मुद्दाम हरत होत्या. सर्व्हिस सरळ जाळीत मारत होत्या, प्रेक्षक हुर्यो उडवत होते. ऑलिंपिकला हे होतं, तर आपल्याकडं 'आज खांदा दुखतोय' म्हणायला किती वेळ लागणार?

हौशी : होऊ दे. पण त्यांना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरावं लागलं, म्हणून तर पकडल्या गेल्या. खालच्या चौकोनावरची खूण माणूस घरी सोफ्यावर बसून करतो, ती कुणाला दिसते? मला चोरी पूर्ण थांबवायची नाही, ती उजेडात आणायची आहे.

शंकेखोर : उजेडात आली तरी 'ही चोरी आहे' असं म्हणणारा कुणी लागतो. तिथं आंतरराष्ट्रीय रेफरी होते. आपल्या साखळीत रेफरी कोण असतो? मागच्या मॅचला हरलेला खेळाडू, घाम पुसत, एका डोळ्यानं स्वतःच्या पार्टनरला शोधत. एखाद्यानं तिसरा फटका मुद्दाम जाळीत घातला की खरंच गेला, हे मी सांगू शकेन. ड्रॉप सोडताना त्याचे पाय पुढं निघाले होते की नाही, तेवढं बघितलं की कळतं. पण तू तर म्हणतेस डोळ्याला ओळखदेख असते.

हौशी : असतेच. म्हणून तुम्ही आणि डूपर, दोघांना एका टेबलावर बसवायचं. दोघांचं जमलं तर जोड लागली. नाही जमलं तर त्या जोडीची एन्ट्री फी परत करायची की दोघांतल्या एकाचं ऐकायचं, ते नियमपत्रकात आधी लिहा, मगच फॉर्म उघडा.

शंकेखोर : एकाचं म्हणजे कुणाचं?